चित्रं सोडून बाकी सगळं

अण्णा, शेळीच्या गेमसाठी तुम्ही काढलेली चित्रं आता पोरांना दिसणार नाहीत. ते माझ्यामुळं झालंय.

पाथरीच्या घरात चांगला उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, म्हणून शाळेत शिकवून आलात की तुम्ही आईच्या चुलीपासून दोन हातांवर पाट मांडून बसायचात. पुण्याच्या एका कंपनीनं मुलांसाठी मराठी गेम काढायचं ठरवलं होतं. एक पोरगी हरवलेली शेळी शोधत गावोगाव हिंडते, एवढीच गोष्ट. गावं तुम्ही निवडलीत: चुडाव्याचं स्टेशन, चारठाण्याच्या देवळाचे खांब, आपला आठवडी बाजार. एकदा फोडणीचं तेल उडून देवळाच्या पायरीवर पडलं. आई घाबरली. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पायरीवर तेल सांडतंच की." तो डाग गेममध्येही तसाच उमटला. चित्रं पाठवताना तुम्ही करारावर सही केलीत आणि ती कायमची कंपनीची झाली. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. पोरं बघतील, एवढंच तुम्ही म्हणत होतात.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी गेमची सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालेना. मी परभणीत सॉफ्टवेअरचंच काम करते. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून गेम चालवणारा प्रोग्रॅम मी पहिल्यापासून नव्यानं लिहिला. तो माझा होता, म्हणून ओपन सोर्स परवाना लावून इंटरनेटवर ठेवला: कुणीही घ्या, बदला, वाटा. त्याच फोल्डरमध्ये सीडीतली तुमची चित्रंही ठेवली आणि परवान्यात लिहिलं की यातलं सगळंच मोकळं आहे. चुडाव्याच्या एका सरांनी गेम वर्गात लावला. पोरांनी आपलं स्टेशन लगेच ओळखलं म्हणे.

मग नोटीस आली. पुण्याची कंपनी कधीच बंद पडली होती, पण तिचे हक्क दुसऱ्या कंपनीनं विकत घेतले होते. मी तिथं फोन केला. तिकडची बाई शांतपणे बोलत होती.

"तुम्ही हा गेम पुन्हा काढणार आहात का?"

"नाही."

"मग राहू द्या ना."

"मॅडम, प्रोग्रॅम तुमचा आहे, तो ठेवा. चित्रं आमची आहेत. ती तुम्ही लोकांना कशी देऊन टाकलीत?"

मला पाचवीतला तो दिवस आठवला. तुमच्या कपाटातलं एका विद्यार्थिनीनं काढलेलं चित्र मी मैत्रिणीला देऊन टाकलं होतं. "तुझं होतं का ते?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, न्हाई. "मग दिलंस कसं, माय?" आवाज चढवला नव्हतात. चित्र परत मागायला तुम्ही पुढं चालताय आणि मी मान खाली घालून तुमच्या मागं येतेय.

मी चित्रं काढून टाकली. परवाना दुरुस्त केला: चित्रं सोडून बाकी सगळं मोकळं. ज्याच्याकडं जुनी सीडी असेल त्यानं त्यातली चित्रं घालून खेळावं, असंही लिहिलं. पण सीडी आहे कुणाकडं? माझ्याकडची एक मी बघू शकते, वाटू शकत नाही. परवा सरांचा फोन आला. "मॅडम, गेम उघडायलाय, पण समदं काळंच दिसायलंय. पोरं इचारायलेत, टेशन कुठं गेलं." मी म्हटलं, सर, ते आता येणार नाही. परवानगीसाठी मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. कायद्यानं ही चित्रं तुम्ही गेल्यापासून साठ वर्षांनी मोकळी होतील. तोवर मी नसेन, आणि फाईल उघडणारंही बहुधा कुणी नसेल.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून सांगते. नोटिशीसोबत एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं, मूळ चित्रकाराशी तुमचं काही नातं आहे का. हो म्हटलं असतं, तर तुमचा करार घरातच होता आणि चित्रं वाटण्याआधीच मी तो वाचला होता, हे उघड झालं असतं. मी 'नाही' लिहिलं.