जुन्या फोनातली निंगव्वा

८ नोव्हें., शनि.
अर्धी शाळा. येताना चौकातल्या दुकानात गेले. हा फोन देऊन नवा घ्यायचा असं घरात ठरलंय. जुन्याच्या बदल्यात सूट, ती पुढच्या शनिवारपर्यंतच. दुकानदाराने उलटासुलटा करून पाहिला, कोपऱ्यातल्या तड्यावरून अंगठा फिरवला. "चालतोय मॅडम. पर तुमचं अकाउंट काढून, समदं पुसून, मोकळा करून आना."

मोकळा करायचा म्हणजे काय ते घरी आल्यावर कळलं. आत मुंगी शिरायला जागा नाही. हे म्हणाले, "फोन हाय का अडगळीची खोली?"

अडगळ माझी असती तरी एक वेळ. लाइटबिलं, नगरपालिकेच्या नोटिसा, जमिनीचे उतारे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. निपाणी कर्नाटकात, म्हणून सगळं कानडीतलं, आणि सगळं दुसऱ्याचं. मराठी शाळेत कानडी शिकवणारी बाई गल्लीत राहते म्हटल्यावर कागद आला की पहिला फोटो मला. "बाई, हे काय लिवलंय?" वाचून सांगितलं की त्यांचं काम झालं. फोटो माझ्याकडेच राहतो.

दुपारभर पुसत बसले. पुसता पुसता डोळा लागला. स्वप्नात सगळी बिलं गवतावर वाळत घातलेली, आणि मी काठी घेऊन राखण करते आहे. उठले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

९ नोव्हें., रवि.
फोटो संपले. आता निंगव्वाचे आवाज. चार वर्षांचे.

चार वर्षांपूर्वी शेवंताक्काच्या मालकांचं पोटाचं ऑपरेशन झालं, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात. शेवंताक्का आमच्यापासून तिसऱ्या घरात. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. शेजारच्या खाटेवर बैलहोंगलच्या पलीकडचा एक म्हातारा, त्याच्याजवळ त्याची बायको निंगव्वा. हिला कानडी येत नाही, तिला मराठी येत नाही. आठ दिवस दोघी व्हरांड्यात एका चटईवर झोपल्या, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. आठव्या दिवशी निंगव्वाचा नवरा गेला. निघताना शे.आक्काने तिच्या मुठीत चिठ्ठी कोंबली. चिठ्ठीत नंबर माझा, कारण हिच्याकडे फोन नाही.

तेव्हापासून निंगव्वा सुनेच्या फोनवरून बोलते, मी शे.आक्काला मराठीत सांगते. मग शे.आक्का फोन तोंडाशी धरून मराठीत बोलते, तोही आवाज जातो, आणि त्याच्या पाठोपाठ मी कानडीत सांगते. दोघींची मैत्री माझ्या जिभेवरून ये-जा करते.

आज डोळे मिटून एकेक ऐकलं. तिच्या आवाजामागे कोंबड्या, पिठाची गिरणी, लांबून एसटीचा हॉर्न. तिचं घर माझ्या डोळ्यांसमोर कधीचं तयार आहे. पांढऱ्या मातीचं, दारात दोन कडुनिंब, दार निळं. तिच्या गावाला मी कधी गेलेली नाही.

एक निरोप मात्र सापडला नाही. "तुला स्वप्नात पाहिलं, ज्वारीच्या बांधावरून चालत येत होतीस, हातात बरणी होती." शे.आक्का अजून हा निरोप लोकांना सांगते. दोनदा शोधला. त्या तारखेला निंगव्वा एवढंच म्हणाली आहे की ज्वारी गुडघ्याएवढी आली आणि सुनेची दाढ दुखते.

म्हणजे स्वप्न माझं. वर्गाच्या खिडकीत बसून मीच पाहिलेलं.

साधं वाक्य साधं ठेवणं मला जमत नाही. आई म्हणायची, हिला निरोप द्यायला धाडू नका.

१० नोव्हें., सोम.
निं.चा ताजा निरोप. ती येते आहे! शनिवारी संकेश्वरला पुतण्याचा साखरपुडा, रविवारी सकाळच्या गाडीने निपाणी. "आक्काला भेटल्याशिवाय परत जाणार नाही."

जसंच्या तसं सांगितलं. शे.आक्काने सूप खाली ठेवलं. ते ती भाकरीच्या वेळेलाही ठेवत नाही. मालक कट्ट्यावर लसूण सोलत बसलेले. ऑपरेशननंतर माणूस असा मऊ झालाय की जुने शेजारीही बघत राहतात.

"येऊ दे की गं," ती हळूच म्हणाली. "तिला माजं समदं ठावं हाय. तिच्याम्होरं लपवायसारखं काय न्हाय."

ती कशाबद्दल बोलते आहे ते मला माहीत आहे. आज लिहवत नाही.

११ नोव्हें., मंगळ.
लिहिते. दोन वर्षांपूर्वीचा निरोप. मालक बाजारात गेलेले बघून शे.आक्का माझ्या स्वयंपाकघरात आली, फोन मागितला, भिंतीकडे तोंड करून बोलली. आज पुन्हा लावला.

"निंगव्वा, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. आमच्या मालकाचा हात माज्यावर लई चालायचा. त्येला ऑप्रेशनला आत न्हेलं तवा तू त्येच्यासाटी बी हात जोडलंस. मी न्हाय जोडलं. म्हटलं, न्हाय आला भाईर तरी चालंल. सुटंन. आनि माजा आला. तुजा गेला. तुज्या वाटचं मी खाल्लं असं वाटतंय बग. माफ कर मला."

शेवटचे शब्द हुंदक्यात.

आणि खाली माझा आवाज, कानडीत, स्वच्छ, शाळेतल्यासारखा: "आक्का म्हणते, थंडी वाढली आहे, प्रकृतीला जप."

घाबरले होते. नवरा गेलेल्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दोन दिवसांनी निं.चं उत्तर आलं ते मिरच्यांबद्दल. मिरच्या वाळत घातल्यात, रंग चांगला आलाय. शे.आक्का दारात उभी, चेहऱ्यावर जीव गोळा झालेला. मी म्हटलं, "ती म्हणते, माझ्या मनात काही नाही. बाईच्या मनात एका वेळी काय काय येतं, ते देवसुद्धा लिहून ठेवत नाही."

शे.आक्का पदर तोंडात धरून रडली. "सुटले गं बाई," म्हणाली. त्या दिवसापासून ती ताठ बसते. चार माणसांत हसते. मालकांना ताट वाढताना त्यांच्याकडे बघते.

आणि मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला लिहू.

१२ नोव्हें., बुध.
हे विचारत होते, झालं का पुसून. म्हटलं, थोडं राहिलंय. "रोज थोडंच ऱ्हातंय की," म्हणाले.

शाळेतून आल्यावर मिरच्यांचा निरोप पुन्हा लावला. त्या वेळी शाळेत ऐकला होता. मिरच्यांपर्यंत आला आणि घंटा झाली, मी बंद केला. पुढे काही असेल असं डोक्यातही आलं नाही. आज बंद करायचं विसरून तशीच पडून राहिले, खिडकीतून गोदामाकडचा तंबाखूचा वास येत होता, गुंगी येते त्याने. मिरच्या संपल्या. मग नुसत्या कोंबड्या. कुणीतरी बादली ठेवली. मला वाटलं ती फोन तसाच ठेवून उठून गेली. आणि मग तिचा आवाज, हळू:

"टीचर, आक्का रडत होती. तुम्ही जे सांगितलंत त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तिला काय झालंय, तेवढं विचारून मला कळवा."

उठून बसले.

त्यानंतर अकरा दिवस तिचा निरोप नाही. वाट पाहिली असणार. मग पुढचा, ज्वारीबद्दल. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

१३ नोव्हें., गुरु.
उद्या बालदिन, शाळेत नाचाची तालीम. मुली फुलपाखरं झाल्यात, पंख सारखे निसटतात. पिना लावत होते आणि डोक्यात रविवार. निंगव्वा विचारेल, आक्का तेव्हा का रडली. मी आक्काला विचारेन, ती विचारते, तब्येत कशी आहे. आक्का काहीतरी बोलेल, मी तिकडे सांगेन, आईची आठवण आली होती. दोघी गळ्यात पडतील. संध्याकाळच्या गाडीने निंगव्वा जाईल. कुणाचंच काही बिघडणार नाही. मला सहज जमेल.

इतकं सहज जमेल, म्हणूनच भीती वाटली.

एका फुलपाखराला पिन टोचली. बिचारी रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

१४ नोव्हें., शुक्र.
कार्यक्रम उरकून थेट तिच्याकडे. मालक दाढीला गेलेले. दार लोटलं आणि सगळं सांगितलं. थंडीचं, मिरच्यांचं, देव लिहून ठेवत नाही त्याचं. मग निंगव्वाचा निरोप शेवटापर्यंत लावला आणि शब्दाला शब्द मराठी केलं.

शे.आक्काचे हात चालूच. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. पाच-सहा विड्या झाल्या असतील.

"मंजे तिला ठावंच न्हाय."
"नाही."
"मग मला माफ कुनी केलं? तू?"

मी फोन बंद करून मांडीवर ठेवला.

"तू कोन गं माफ करनारी? तुजा नवरा घरी हाय, धडधाकट, गुनी. दोन वरसं मी देवळात बी मान वर करून उबी ऱ्हायले. कुनाच्या जिवावर? तुज्या?"

"आक्का, चुकलं माझं."

"चुकलं मंतीस." दोरा दातांनी तोडला. "तवा सांगितलं असतंस तर काय ते तवाच झालं असतं. फार तर बोलली नसती पुन्यांदा."

मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मग: "आईतवारी मी माज्या तोंडानं सांगीन. तू निस्तं हिकडचं तिकडं कर. पदरचं घालू नगंस."

जुन्या आवाजांचं काय करू, विचारलं. नव्या फोनात घेता येतील.

"तिच्या फोनात हाईत न्हवं? तितंच ऱ्हाऊ देत."

१५ नोव्हें., शनि.
फोन दिला. सिमचा खण उघडायची पिन हरवली होती, कानातल्याच्या दांडीने उघडला. अकाउंट काढलं. सगळं पुसायचं बटण दुकानदाराने मलाच दाबायला लावलं, तसा नियम म्हणे. पडदा काळा झाला, मग पांढरा. मग निरनिराळ्या लिप्यांतून नमस्कार येऊ लागले, एकामागून एक, सावकाश. मराठी आली, कानडी आली, कसल्या कुठल्या आल्या. मी बघतच राहिले. कुणालाही ओळखत नसलेला, नुकता जन्मलेला. दुकानदाराने हातातून हळूच काढून घेतला.

हे खूश. नवा फोन गुळगुळीत, हातातून सटकतो.

१६ नोव्हें., रवि.
आली. स्टँडवर मी ओळखलंच नाही. माझी निंगव्वा बुटकी, गोल, मोठं कुंकू. ही उंच, वाळकी, चष्मा, कपाळ मोकळं. कपाळाचं तर मला कळायला हवं होतं. शे.आक्काने लांबूनच ओळखलं. दोघी रिक्षात शेजारी बसल्या.

कापडात बांधून कडक भाकरी आणल्या होत्या. मी घराचं विचारलं. पत्र्याचं आहे, कडुनिंब नाही, दाराला रंगच नाही.

मालक रामराम करून कट्ट्यावर जाऊन बसले. चहा झाला. निंगव्वाने विचारलंच, आणि मी तिचा प्रश्न जसा होता तसा सांगितला. शे.आक्का बोलली. या वेळी भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून. मारझोडीचं, हात न जोडल्याचं, सुटंन म्हटल्याचं. एकेक वाक्य ती बोलायची, थांबायची, मी कानडीत करायचे. माझा आवाज मलाच परका वाटत होता, कोरडा. कानडीत ते सगळं फार थोडक्यात होतं. मधलं खोटं माझं होतं, तेही सांगितलं.

निंगव्वा दारातून बाहेर बघत राहिली. बाहेर कट्ट्यावर मालकांची पाठ दिसत होती. कपातल्या चहावर साय धरली. मला वाटत होतं, काहीही बोल, शिव्या दे, मी सांगेन.

शेवटी म्हणाली, "हे मला इथे बसून बोलता येणार नाही. घरी जाते. मग पाठवते."

सांगितलं. शे.आक्का म्हणाली, "बरं."

गाडीत निंगव्वाला पलीकडच्या खिडकीची जागा मिळाली. त्यामुळे चेहरा दिसला नाही.

१९ नोव्हें., बुध.
काही नाही. शे.आक्का विचारत नाही. पण आज माझ्या दारावरून तीन वेळा गेली, तिन्ही वेळा हातात काही नव्हतं.

२० नोव्हें., गुरु.
शाळेतून आले, चप्पल काढते तोवर फोन वाजला. निंगव्वा. सहा मिनिटांचा निरोप. ती आजवर मिनिटाच्या वर बोललेली नाही.

लावलेला नाही. शे.आक्का विड्या द्यायला कारखान्यात गेली आहे. फोन टेबलावर ठेवून मी पलंगावर, वरती पंखा. पडल्या पडल्या त्या सहा मिनिटांत काय असेल ते माझ्या डोक्यात तीनदा बोलून झालं, तिन्ही वेळा निंगव्वाच्या आवाजात, आणि तिन्ही इतकी सुंदर की दोनदा डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं एकही नसेल तर? सहा मिनिटं नुसता राग असेल, किंवा पुन्हा फोन करू नका असं असेल, तर तेही मलाच बोलायचं आहे, शे.आक्कासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत.

खिडकीतून ती येताना दिसते आहे. रिकामी पाटी काखेला. कुणाशी तरी बोलायला थांबली. आता निघाली. उठून दार उघडते.