आरशात सरळ दिसणारी

३ मार्च
आलो बाई एकदाचे. दोन खोल्या, मोठी खिडकी, नळाला दिवसभर पाणी. वीज केंद्रात हे कोळशाच्या बॉयलरवर, मी आरशांवर. म्हटलं, तुम्ही काळे होऊन येणार आणि मी चकचकीत. हे हसले, छकुली गेल्यापासून पहिल्यांदाच. तापानं गेली पोर. सारखी म्हणायची, आई, भाजतंय. इथे कुणाला माहीत नाही, तेच बरं.

६ मार्च
काम जमतंय. पन्हळीसारखे वळलेले लांबच लांब आरसे, समोरून नळी. आरसे ऊन गोळा करून नळीवर टाकतात, आतलं पाणी तापून बॉयलरकडे जातं, तेवढा कोळसा वाचतो. आभाळ आलं की ह्यांनी कोळसा वाढवायचा. सकाळी मी आरसे धुते आणि शिट्टी वाजवते. शिट्टी म्हणजे रांग मोकळी. मगच काका, म्हणजे आमचे फोरमन, आरसे उन्हाला लावतात. आरशात माणूस उलटा दिसतो, डोकं खाली. काका म्हणाले, सरळ दिसायचं तर नळी आणि आरशाच्या मधे, काचेला चिकटून उभं राहावं लागेल. पण ऊन लागल्यावर तिथून कुणी धड परत यायचं नाही. मी म्हटलं, उलटीच बरी मी.

११ मार्च
शेवटच्या रांगेत छकुली दिसली. पिवळा फ्रॉक. मी उलटी, ती सरळ. मागे वळले तर कुणी नाही. आरसे उन्हाला लागले तसं तिनं तोंड वेडंवाकडं केलं, तापात करायची तसंच.

१२ मार्च
काकांच्या विनवण्या करून तो आरसा पालथा ठेवायला लावला. ती शेजारच्या आरशात गेली.

१५ मार्च
ह्यांना सांगितलं. ताटावरून उठले. म्हणाले, आता तरी जाऊ दे तिला. मी कुठे धरून ठेवलीय? तीच—

१७ मार्च
आभाळ भरलेलं. ती आरशात खेळत बसली. हे कोळसा रेटून मेटाकुटीला आले, आणि मला आनंद मावेना.

१८ मार्च
कडक ऊन. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण ते दोन शब्द मला पाठ आहेत.

१९ मार्च
दवाखान्यातही काचेआडच होती. हात लावू दिला नाही कुणी. शेवटपर्यंत—

२० मार्च
ह्यांचा डबा भरून ठेवला. नळीखालून वाकून आत आलेय. आता मीही सरळ. ती शेजारी, फ्रॉकचा बंद सुटलेला.

शिट्टी वाजवली नाही तर काका शोधत येतील, ओढून काढतील मला—

वाजवली.

आरसे वळतायत. तिनं हात दिला— गार आहे गं. ताप उत