आईनं बांधून घेतलेले नान

पडेगाव, सोमवार

तीर्थरूप आप्पांना प्रांजलीचा नमस्कार.

टँकर वेळेवर येतो का? उरलेल्या मेंढरांना पाणी पुरतं का?

काल कंपनीला सुट्टी होती, म्हणून आई आणि धाकट्या सृष्टीला शहागंजात नान-खलिया खायला नेलं. नान मऊ होता, खलियाच्या रश्श्यातलं मटणही नीट शिजलेलं होतं.

तुम्ही आईला न विचारता काही मेंढरं विकलीत, तेव्हापासून तिनं तुमचं नाव घेतलेलं नव्हतं. ती रागानं इथं आली, तरी मी विषय काढला नाही.

काल पहिलाच घास खाऊन ती म्हणाली, "बरा हाय. पर तुझ्या आप्पानं रानात केलेल्या रश्श्याची चव नाय."

सृष्टी म्हणाली, "मग आप्पांनाच बोलवू की इकडं रांधायला!"

"गप जेव. तिकडं मेंढरं कोण बघंल?"

निघताना तिनं दोन नान बांधून घेतले. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

आज ती सिल्लोडच्या गाडीनं निघते आहे. सृष्टी सोबत आहे; पत्र तिच्याजवळ देते.

आज रस्सा तुम्हीच करा. तिखट किती घालायचं, ते मात्र आधी आईला विचारा.

तुमची,
प्रांजली