उंबऱ्यावर कोणी नव्हतं

मी, जीवन महादेव राऊत, वय वर्षे ६९, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार आशागड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून माझ्या मुलाने दोनदा माझी समजूत घातली. सन २०२१ मध्ये केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो.

१. बँकेतील ठेव मुलगा दिपक आणि मुलगी योगिता यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझी पत्नी कैलासवासी सुषमा हिचे दागिने आणि शिवणयंत्र योगिताचे. स्कूटर दिपकची, तिचा मागचा ब्रेक लागत नाही, आधी दुरुस्त करून घ्यावा. परसातली चिकूची सात झाडे घराबरोबर जातील, ती कोणी तोडू नयेत.

२. आशागड येथील राहते घर मी नोकरीत असताना स्वकमाईतून बांधले. ते वडिलोपार्जित नाही. ते मी श्रीमती तुळशी, विधवा, सध्या मुक्काम अच्छाड नाक्याजवळ, हिला पूर्ण मालकीने देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही. दिपकने विचारले होते, "बाबा, ही बाई कोण? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणून कारण लिहितो.

सुषमा २०१३ मध्ये गेली. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. घरात बोलायला कोणी उरले नाही तेव्हा मी तलासरीकडच्या एका पाड्यावर हाल्या भगताकडे जाऊ लागलो. पाड्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आयुष्यभर मुलांना अंधश्रद्धेवर भाषणे दिलेला मी, त्या म्हाताऱ्यासमोर बसून म्हणालो, "सुषमाला बोलावता येईल का? मला विद्या शिकवा."

हाल्याने सुपात मूठभर तांदूळ टाकले. "काय दिसतं, मास्तर?"

"तांदूळ."

"तांदूळ मला पण दिसतो. कशासारखं दिसतं, ते सांग."

पहिले वर्ष एवढेच चालले. मंत्र नाही, देवाचे नाव नाही. रोज एक वस्तू घ्यायची, ती कशाकशासारखी आहे ते बोलायचे, आणि उठताना सगळे परत घ्यायचे: हे सूप आहे, हे दाणे आहेत, बाकी काही नाही. मला हा पोरखेळ वाटे. मी विचारले, "खरी विद्या कधी?" तो म्हणाला, "हीच. दुखणाऱ्या माणसाला त्याचं दुखणं सांगता येत नाय. आपण त्याला चित्र द्यायचं. चित्र त्याचं असलं तर तो रडतो आणि मोकळा होतो. पण ते चित्र आहे, हे आपण इसरायचं नाय. जो 'सारखं' म्हणतो त्याच्या हातात सूप द्यावं. जो 'आहे' म्हणतो त्याच्या हातात नाय."

एकदा त्याने विचारले, "तुझी बायको कशासारखी होती?" मी म्हणालो, चांगली होती. "कशासारखी?" एकतीस वर्षांच्या संसारानंतर मला एक उपमा सापडेना. महिनाभर मी त्याच प्रश्नात होतो. मग धाकट्या डहाणूला खाडीवर ओहोटीत चिखलात कललेली होडी पाहिली, आणि सुषमा तशी होती हे मला कळले. पाणी येईल म्हणून कलून थांबलेली. मी शाळेतून, सभांमधून, निवडणुकीच्या कामांतून उशिरा येत राहिलो. हे हाल्याला सांगताना मला रडू फुटले. तो म्हणाला, "मग आता बोलवायची कशाला? भेटली ना."

त्या दिवसापासून मी हलका झालो, आणि त्याच दिवसापासून मला गर्व चढला. आपल्याला विद्या आली असे वाटू लागले.

३. पुढचे जसे घडले तसे लिहायला मी नऊ वर्षे घेतली.

२०१६ च्या श्रावणात हाल्या आठ दिवस लेकीकडे गेला होता. मी पाड्यावर त्याच्या ओटीवर बसलो होतो. पाड्यातला लहान्या आणि त्याची बायको गंगी चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला ताप होता, उतरत नव्हता. सरकारी दवाखान्यात न्या, एवढे म्हणणे माझे काम होते. मी सूप हातात घेतले.

गंगीची थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि गंगी तिचे नाव काढत नसे. अशा दुःखाविषयी हाल्याचे एक बोलणे होते, ते मी अनेकदा ऐकले होते: उंबऱ्यावर बाई बसल्यासारखं, आत येत नाय, बाहेर जात नाय. मी दाण्यांकडे पाहिले आणि म्हणालो, "तुमच्या उंबऱ्यावर बाई बसली आहे. ती आत येत नाही, बाहेर जात नाही."

'सारखं' मी म्हणालो नाही. चुकून राहिले असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे नाही. ते दोघे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, त्या नजरेसमोर 'सारखं' हा शब्द मला कमी वाटला.

लहान्याने विचारले, "कोण? तुळशी का?"

तुळशी त्यांच्या शेजारची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गंगीची मैत्रीण. रोज दुपारी गंगीच्या उंबऱ्यावर बसून भाजी निवडायची, मुलाला खेळवायची. उंबऱ्यावर बसणारी बाई म्हटल्यावर पाड्यात दुसरे कोणाचे नाव येणार?

मी 'नाही' म्हणालो नाही. 'नाही' म्हटले असते तर 'मग कोण?' असे विचारले असते, आणि मला सांगावे लागले असते की मी भगत नाही, मी फक्त एक बोलणे बोललो. मी गप्प बसलो. लहान्याने माझे गप्प बसणे उत्तर म्हणून घेतले.

त्याच संध्याकाळी लहान्याने आणि पाड्यातल्या लोकांनी तुळशीला चेटकीण ठरवून घरातून ओढून काढले, मारले, तिच्या घराची कौले उतरवली. तिची भांडी रस्त्यावर पडलेली मी पाहिली. ती एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा ना यांना." मी स्कूटर सुरू केली आणि आशागडला आलो. अशा कृत्याविरुद्ध कायदा आहे, तो मीच शाळेत वाचून दाखवला होता. मी चौकीवर गेलो नाही.

मुलाला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. हिवताप निघाला. तो बरा झाला, आणि पाड्याने म्हटले, बाई गेली म्हणून बरा झाला.

हाल्या परतला तेव्हा त्याने घरोघर जाऊन सांगितले की तुळशीचा दोष नाही, पण लोक म्हणाले, "तुझ्याच चेल्याने बघितलं." त्याने पुन्हा कोणासाठी दाणे टाकले नाहीत. २०१९ मध्ये तो वारला. मी अंत्ययात्रेत मागे चाललो, खांदा द्यायला पुढे झालो नाही.

४. मी हाल्याचे बोलणे एका वहीत उतरवले आहे. ती तलासरीला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा नविन मागत असतो. त्याला तंत्रमंत्र शिकायचे आहेत, आणि तो छापील पुस्तकांतल्या यंत्रांच्या आकृत्या स्वतःच्या वहीत काढून मला दाखवतो. वही त्याला द्यावी. मात्र पहिले वर्षभर त्याने कोणासाठीही काही पाहू नये. रोज एक वस्तू, तिच्या उपमा, आणि शेवटी सगळ्या परत. नविन, तुला हे बाळबोध वाटेल. मलाही वाटले होते. ज्या दिवशी कोणी तुला 'कोण?' असे विचारेल, त्या दिवशी 'कोणी नाही' म्हणण्याची हिंमत नसेल, तर वही जाळून टाक.

५. रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी असे लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर तुळशीच्या निर्दोषत्वाचा कागद पाड्यावर वाचावा. या दिवाळीनंतर मी तिला शोधत अच्छाडला गेलो. एका ढाब्याच्या मागे ती भांडी घासत होती. मी घराचे सांगितले, कागदाचे सांगितले.

ती म्हणाली, "मेल्यावर वाचणार?"

"हो."

"मेलेल्या माणसाला कोण विचारील? घर राहू द्या, मास्तर. ती मी नव्हते, एवढं तोंडाने सांगा. मी ऐकायला येते."

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे रिक्षाने पाड्यावर गेलो. ती रिक्षातच बसून राहिली. हाल्याच्या ओटीसमोर वीस-पंचवीस माणसे जमली. उपमा, विद्या, काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "उंबऱ्यावर कोणी नव्हतं. मुलाला हिवताप होता. तुळशीने काही केलं नाही. मी खोटं बोललो आणि मग गप्प बसलो."

लहान्या म्हणाला, "आता नऊ वर्षं झाली, मास्तर. आता काय त्याचं?" तुळशीच्या घराच्या जागी त्याने शेळ्यांचा गोठा केला आहे.

एका म्हाताऱ्याने विचारले, "मग पोर बरं कसं झालं?" मी म्हणालो, "गोळ्यांनी." त्याने मान हलवली. पण त्याला पटल्यासारखे वाटले नाही.

गंगी चालत रिक्षापाशी गेली आणि उभी राहिली. तुळशीने तिच्याकडे पाहिले नाही. मग गंगी एवढेच म्हणाली, "पोर आता आठवीला जातं." तुळशी म्हणाली, "असू दे." रिक्षा निघाली.

परत येताना मी विचारले, ऐकलेस ना? ती म्हणाली, "ऐकलं. पण हे त्या दिवशी पाहिजे होतं."

६. घर तुळशीने घ्यावे की नाही हे तिने ठरवावे. घेतले नाही तर ते दिपक आणि योगिता यांचे. तिला कोणी आग्रह करू नये, आणि ती आली तर कोणी काही विचारू नये. दिपक, हे तुला उद्देशून आहे. तुझा राग मला कळतो.

७. अंमलबजावणी योगिताने करावी. माझ्या मागे कोणाकडूनही दाणे पाहून घेऊ नयेत. तेराव्याला लाडू केले तरी चालतील, सुषमाला आवडत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, जो लिहिला तो खरा आहे.

(सही) जीवन महादेव राऊत

ठिकाण: आशागड. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार पहिला: जिग्नेश रमेशभाई पटेल, शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरी: गंगी लहान्या, राहणार तलासरी तालुका. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिसरे कलम तिने पुन्हा एकदा वाचायला लावले, मग अंगठा दिला.