शीर आणि धमनी

ती. मारुतीकाका,

माजिवड्याला साईनाथदादाच्या बाइकला टेम्पोने उडवलं, तेव्हा तुम्ही मला फोन केलात. "गुडघा सुजलाय, पाऊल गार पडलंय. तू नर्सिंग शिकलीस ना, सांग." मी म्हटलं, "शिरेला मार लागलाय, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या."

तुम्ही पोटच्या पोराला हाडवैद्याकडे नेलंत. चोळण्यात सहा तास गेले. रक्त न पोचल्याने पाय काळा पडला, कापावा लागला.

काल तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "शीर म्हणाली ना ती? शीर हाडवैद्यच मोकळी करतो."

मी धमनी म्हणायला हवं होतं. घरच्यांना समजेल असं बोलायला गेले. पण 'मोठं हॉस्पिटल' यातलं काय समजलं नाही तुम्हाला?

हे पत्र देणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही; दिलं तर ते दादालाच वाचून दाखवावं लागेल.

तुमची शिकलेली पुतणी,
रुचिता