गोळी लागू पडली होती

प्रिय धाकट्या,

डांबऱ्या गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी रडलास आणि मग त्या गोचिडींच्या गोळ्यांवर घसरलास. गोळ्या बनावट होत्या, डॉक्टरबाईंनी आपल्याला फसवलं, तक्रार करतो, सोडत नाही. मीही तेव्हा हो ला हो केलं, कारण मलाही कोणावर तरी राग काढायचा होता. पण तक्रार लिहायला बसायच्या आधी हे वाच. फोनवर सांगता येत नाही, बाबा कायम शेजारच्या शिलाई मशीनवर असतात.

शेवटी शेवटी डांबऱ्या कापायच्या टेबलाखालच्या चिंध्यांवरून उठतच नव्हता, शेपूटही हलवत नव्हता. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. डॉक्टरबाईंनी कानामागचे केस बाजूला केले आणि त्यांचाच चेहरा उतरला. करड्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. गोचीडताप अंगात पार भिनला होता. बाईंनी एवढंच विचारलं, की गोळी नक्की पोटात जात होती ना? मी छातीठोकपणे हो म्हणाले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा स्वतः देत होते. तू फोन करून विचारायचास आणि ते म्हणायचे, "दिली रे, पोटभर खाऊ घालून दिली." बाबा आयुष्यात कधी खोटं बोललेत का? गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणायचं तेवढं सोड.

गोचिडी मला आधी दिसल्या नव्हत्या असं नाही. पण बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की ही गोळी गोचिडीला अंगावर चढण्यापासून अडवत नाही. औषध रक्तात असतं. गोचीड चावते, रक्त पिते आणि मग दिवसा-दोन दिवसांत मरते. तूही तेच म्हणायचास, "ताई, चढल्या तर चढू देत, जेवल्या की मरतील." म्हणून दोन-चार दिसल्या तरी मी निवांत होते. दुकानात लग्नाच्या कपड्यांची घाई होती. दोन-चारच्या कधी इतक्या झाल्या, ते कळलंच नाही.

त्याला मागच्या दारी पुरलं. बाबांनी स्वतःच्या हातांनी माती लोटली. त्यानंतरच्या पहिल्या तारखेला सकाळी मी खाली आले, तर बाबा हातात पाव आणि गोळी घेऊन मागच्या दारात उभे. "डांबऱ्या, ये रे शहाण्या," म्हणून हाका मारत होते. आणि गल्लीतून खरंच एक काळा कुत्रा आला! तुटक्या कानाचा, डांबऱ्याच्या निम्म्या अंगाचा, रोजचा असल्यासारखा शेपूट हलवत. बाबांनी त्याला पाव घातला, गोळी गिळेपर्यंत जबडा धरून गळा चोळला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, आहे का याच्या अंगावर एक तरी?" मी खाली बसले आणि बघितलं. कानामागे, पोटाखाली, बेचक्यांत. गटारात लोळणारं कुत्रं ते, पण अंग लख्ख. एकच गोचीड सापडली, तीही मरून वाळलेली. नख लावताच गळून पडली.

गोळ्या खऱ्या होत्या रे. आपला डांबऱ्या आत टेबलाखाली झिजत होता आणि त्याचं औषध महिनोन्महिने बाहेरच्या कुत्र्याच्या पोटात जात होतं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते डांबऱ्यालाच देत होते, अजूनही देतात, आणि तो ठणठणीत आहे. आता मला सांग, तू तक्रार करणार कोणाविरुद्ध? मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या वडिलांना दाखवा." दाखवलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मला मागच्या दारात कळलं होतं. हे थांबणारं नाही, वाढत जाणार आहे. मला फार भीती वाटते, धाकट्या.

तू म्हणतोस वर्षअखेरीला रजा मिळेल, तेव्हा येईन. तेव्हा नको, आत्ता ये. तुझ्या वाढदिवसाला बाबा दरवर्षी शर्ट शिवून पाठवतात, आणि माप कधी विचारत नाहीत, सगळं तोंडपाठ. परवा दोऱ्यांची रिळं पोचवणारा माणूस आला होता, तो पोट सुटलेला. बाबांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलास रे पोरा," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी त्याचं माप घेतलं, छाती, खांदा, बाही, सगळं. तो भला माणूस, हात पसरून उभा राहिला. तेव्हापासून बाबा खुशीत आहेत, मुलगा येऊन गेला म्हणतात. शर्ट शिवून खुंटीला टांगलाय. तुला तो बसणार नाही. तरी ये.

वाट बघणारी,
तुझीच
ताई