चार नंबरचा नळ

ती. स्व. आत्यास,

भिंतीपलीकडच्या भाच्याचा कागदावरूनच वाकून नमस्कार. काल सकाळी तुम्ही ओळीने तीनदा खोकलात आणि एकदा शिंकलात, ते आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं. तरी प्रकृती कशी आहे ते कळवावे. गुडघ्यांचं विचारत नाही, कारण तुम्ही जिना उतरताना प्रत्येक पायरीला जे म्हणता तेही ऐकू येतं. इकडे मी बरा आहे, तुमची सूनबाई बरी आहे (म्हणजे चार दिवस माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने बरी), आणि टिल्लीला चौथा दात आलाय. तो तिने परवा माझ्या अंगठ्यावर वापरून पाहिला.

तुमच्या-आमच्यात एका विटेची भिंत असताना हा शहाणा तिकीट लावून टपालाने पत्र का पाठवतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की मी समोर आलो की तुम्ही “काय रे?” म्हणता, आणि जे बोलायला आलो ते घशातच ठेवून मी तुमच्या चष्म्याची काडी घट्ट करून परत जातो. या आठवड्यात ती तीनदा घट्ट करून झाली. चौथ्यांदा केली तर मोडेल. (एरवी मी तुम्हाला ‘तू’ म्हणतो, कागदावर तेवढीही छाती होत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

तर, टिल्लीच्या रक्ताचा कागद आला हे तुम्हाला माहीत आहे. त्यात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार नाही, पण चौदा महिन्यांच्या मुलीच्या अंगात ते मुळीच नको. वाढलं तर हातापायाला काही दिसत नाही, पण शिकण्या-समजण्यात मूल मागे पडतं. आत्या, मी घाबरलो. मी स्वतः शाळेत किती मागे होतो हे तुम्हीच सगळ्यांना सांगता, पण ते मागे पडणं निदान माझं स्वतःचं होतं, नळातून आलेलं नव्हतं. मग घराचा रंग तपासला, खेळणी तपासली, आणि शेवटी आमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून एका प्रयोगशाळेत नेऊन दिलं. आकडा आला एकोणीस. एका लिटरमध्ये एकोणीस. कशाचे एकोणीस, हे मी त्यांना तीनदा विचारलं, तीनदा मला समजलं, आणि घरी येईपर्यंत तीनदा विसरलो. सूनबाईला म्हटलं, टिल्लीला हे पाणी देऊ नकोस. ती म्हणाली, सोय केली आहे. कसली सोय ते विचारायचं राहिलं, कारण मी तोवर चष्म्यांचं दुकान बंद करून पाणीखात्याकडे निघालो होतो.

काकांनी तीस वर्षं त्या खात्यात मीटर वाचले, त्यामुळे आपलं घरचंच खातं, असा माझा समज. (तिथे आता काकांना ओळखणारं फक्त एक कपाट उरलंय.) पहिल्या टेबलावरच्या बाईंनी माझा एकोणीसचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि पाणी शुद्ध असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बाई, यात शिसं आहे. त्या म्हणाल्या, ते पाण्यात नाही, नळीत आहे. पाणी आमच्याकडून निघतं तेव्हा चांगलंच असतं, वाटेत त्याला वाईट संगत लागते. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मला त्या पाण्याचीच कीव आली.

त्यांच्या मागे भिंतीवर मोठा तक्ता होता. पाण्यात काय काय असू शकतं त्याची ऐंशी-नव्वद नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने: उद्दिष्ट आणि मर्यादा. धंद्याच्या सवयीने मी तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचला, आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्या. शिशापुढे उद्दिष्ट शून्य होतं आणि मर्यादा दहा.

“मग नऊ आलं तर?” मी विचारलं.

“उत्तम.”

“पण उद्दिष्ट तर शून्य आहे ना?”

“अहो, उद्दिष्ट म्हणजे काय असावं ते. मर्यादा म्हणजे काय झेपेल ते.”

“कोणाला झेपेल? चौदा महिन्यांच्या पोरीला?”

“खात्याला,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

खुर्चीत बसूनही डोक्यात प्रकाश पडेना. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला खालची ओळ दिसली नाही तर आम्ही काच बदलतो, ओळ पुसून टाकत नाही. उठताना बाईंनी दोन पत्रकं हातात ठेवली. एकात लिहिलं होतं की सकाळचं पहिलं पाणी पिऊ नये, नळ पाच मिनिटं तसाच सोडून ठेवावा. दुसऱ्यात लिहिलं होतं की नळ विनाकारण सोडून ठेवणाऱ्यावर कारवाई होईल. यातलं आधी कोणतं पाळायचं, असं विचारलं तर त्यांनी दोन्ही पत्रकं परत घेतली, एकत्र पिन केली आणि परत दिली.

दुसऱ्या टेबलावर नळ्यांचा विभाग. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की मीटरपर्यंतची नळी खात्याची, मीटरच्या पुढची घरमालकाची. मी विचारलं, शिशाची कोणती? म्हणाले, मीटरपर्यंतची. म्हणजे तुमची? म्हणाले, हो तर, आमचीच. मग बदला ना! ते म्हणाले, बदलणारच, नियमात बसलं की बदलणार. ते नियमात केव्हा बसतं हे त्यांच्या टेबलाच्या कक्षेत येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला वरच्या मजल्यावर इंजिनियरसाहेबांकडे पाठवलं.

इंजिनियरसाहेब भला माणूस निघाला. त्यांचा चष्मा दर वाक्याला नाकावरून घसरत होता आणि ते दर वाक्याला तो वर ढकलत होते, त्यामुळे माझं लक्ष लागेना. शेवटी मी खिशातला बारका पेचकस काढून तो नीट करून दिला. त्यावर खूष होऊन त्यांनी कपाटातून वही काढली (तेच ते काकांना ओळखणारं कपाट) आणि नियम समजावला. प्रत्येक विभागात फार वर्षांपूर्वी दहा घरं निवडलेली आहेत. वर्षातून एकदा त्या दहा घरांत रिकामी बाटली जाते, घरातल्यांनी ती स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरायची. दहांपैकी एकाच घराचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो अपवाद. दोन घरांचा गेला तर विभागातल्या झाडून सगळ्या शिशाच्या नळ्या वर्षभरात खात्याने स्वखर्चाने बदलल्याच पाहिजेत, तिथे मंत्र्याचंही चालत नाही.

“म्हणजे दहांतल्या एका घराला वाईट पाणी प्यायची मुभा आहे?” मी विचारलं.

“मुभा नाही हो,” ते म्हणाले, “वाव आहे.”

आपल्या विभागातला हा वाव दरवर्षी सात नंबरचं घर वापरतं. आकडा तेवीस. सात नंबरमध्ये कोण राहतं ठाऊक आहे? आपला नळदुरुस्तीवाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी म्हटलं, साहेब, मग माझं एकोणीस धरा की, झाली दोन घरं. ते म्हणाले, तुमचं घर यादीत नाही. म्हटलं, घाला. तर म्हणाले, यादी बदलली तर मागच्या वर्षांशी तुलना कशाची करायची? म्हणजे माझा एकोणीस खरा आहे हे त्यांना मान्य होतं, फक्त तो धरता येत नव्हता.

आणि मग, आत्या, मला बरं वाटावं म्हणून त्यांनी वहीतलं एक पान उघडून दाखवलं. म्हणाले, अगदीच निराश होऊ नका, तुमच्याच गल्लीत आमचं आदर्श घर आहे. चार नंबर. अकरा वर्षांचे अकरा आकडे ओळीने मांडलेले, आणि अकराच्या अकरा शून्यं. चार नंबर म्हणजे तुम्ही. शेजारी नकाशाही होता. मोठ्या वाहिनीतून शिशाची एकच नळी आपल्या घरांकडे येते आणि आपल्या सामाईक भिंतीपाशी तिला दोन फाटे फुटतात, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. एकाच नळीतून मला एकोणीस आणि तुम्हाला शून्य! हे कसं, असं साहेबांनी स्वतः वरच्या कचेरीला लेखी विचारलं होतं. उत्तरादाखल वरच्या कचेरीने तुम्हाला प्रशस्तिपत्र पाठवून दिलं.

साहेब चकित होते, मीही चकित होतो. दोघं मिळून नकाशाकडे बराच वेळ पाहत बसलो. आणि मग मला गेल्या वर्षीची सकाळ आठवली. मी तुमच्याकडे (काडी घट्ट करायला) आलो होतो. ओट्यावर खात्याची बाटली होती. तिच्या तळाला दोन थेंब काहीतरी होतं, म्हणून तुम्ही ती साबणाने घासलीत, गरम पाण्याने तीनदा विसळलीत, उन्हात पालथी घातलीत. मग तुमच्या लेकाने बसवून दिलेल्या त्या मोठ्या फिल्टरचं पाणी काढून, वर आणखी उकळून, निववून, स्वच्छ फडक्यातून गाळून बाटलीत भरलंत. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणालात, “यांच्या खात्याचा माणूस आहे. आपल्या दारातून घाण पाणी घेऊन जाईल होय?” आत्या, मी तिथेच उभा होतो. मी तुमचं कौतुक केलं. नरसाळं मीच धरलं होतं!

इंजिनियरसाहेबांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू उगाच आणखी एकदा पिळला आणि घरी येऊन सगळं सूनबाईला सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. चूक कोणाची म्हणावी? खात्याने नियमाप्रमाणे बाटली दिली, तुम्ही चांगल्या मनाने ती भरलीत, प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं, आणि या सगळ्या चांगुलपणातून वाट काढत शिसं टिल्लीपर्यंत पोचलं. माझंच मला हे नीट उलगडत नाही, तर तुम्हाला काय सांगणार?

असो. तुम्हाला राग यावा असं या पत्रात काही नाही. सहज, खुशाली कळावी म्हणून लिहिलं. खोकल्यावर कोमट पाणी घेत जा. (कोणतं पाणी, हे लिहिताना हात अडखळला.)

तुमचा,
काडी घट्ट करणारा भाचा

ता. क. खरं तर एक बारीकशी विनंती होती. या गुरुवारी बाटलीवाले येतील. बुधवारी ते रिकामी बाटली ठेवून जातील, ती धुवायची नाही. तळाचे दोन थेंब घाण नाहीत, प्रयोगशाळेने मुद्दाम घातलेलं औषध आहे. आधी सहा तास घरातला कुठलाच नळ उघडायचा नाही, आणि सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाची पहिली धार सरळ बाटलीत. फिल्टर नाही, फडकं नाही, उकळणं नाही. शून्य आलं तर शून्य. पण जे येईल ते नळाचं येऊ दे. तुमचा एक खरा आकडा गेला तर सगळ्या गल्लीच्या नळ्या बदलतील.

आणखी एक ता. क. ते प्रशस्तिपत्र मग खातं परत मागेल, हे मला कळतं. काकांच्या फोटोशेजारी तुम्ही ते लावलंय आणि दोन्ही काचा एकाच फडक्याने रोज पुसता, हेही मी पाहतो. म्हणूनच तर तीन खेपा तोंडातून शब्द फुटला नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सूनबाईने पत्र वाचलं आणि चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणजे आधी हसली. म्हणते, आत्यांना हे सगळं आठ दिवसांपूर्वीच सांगून झालंय. ती जी ‘सोय’ केली होती ती तुमच्याच फिल्टरची, आणि टिल्लीच्या दुधाचं पाणी रोज दोन डब्यांतून भिंतीपलीकडूनच येतंय. आणि तुम्ही म्हणे तिला म्हणालात, “चुलीत गेला तो प्रशस्तीचा कागद. पण घरी आलेल्या माणसाच्या हातात माझ्या हाताने तसलं पाणी मी देणार नाही. बाटली तू भर, मी बाहेर त्याच्याशी बोलत बसते.” म्हणजे या पत्राची गरजच नव्हती. तरी पाठवतोय, तिकीट लावून झालंय. (मग अबोला कशासाठी, असं मी तिला विचारलं. म्हणाली, भिंतीपलीकडे जाऊन दोन वाक्यं बोलायची सोडून चार दिवस पत्र लिहीत बसलात त्यासाठी.)

शेवटचा ता. क. आत्या, प्रशस्तिपत्र गेलं तरी भिंतीवरचा खिळा काढू नकोस. टिल्लीच्या रक्ताचा पुढचा कागद चांगला आला की त्याच चौकटीत घालून काकांच्या शेजारी लावू. त्याची काच मी रोज येऊन पुसेन, तुझी काडी घट्ट असली तरी.